जरा जास्तच हट्टी

वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी आपली कुणी माफी मागायला निघालं, तर बरं वाटायला हवं. मला घाम फुटला.

फोन ज्योतीचा होता. ज्योती म्हणजे यशवंतकाका देशकरांची मुलगी, माझ्याहून चार वर्षांनी लहान. रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमची घरं समोरासमोर होती. मी टाटीबंधच्या फ्लॅटमध्ये राहायला आले त्याला आता वीस वर्षं झाली. ती मात्र अजून तिथंच राहते, काकांना घेऊन.

“गोदूताई, येत्या इतवारी बाबांची नव्वदी आहे. नव्वद दिव्यांनी ओवाळणार आहो आम्ही. तू ये.”

“पाहते,” मी म्हटलं. ‘पाहते’ म्हणजे येत नाही, हे रायपुरातल्या प्रत्येक मराठी माणसाला कळतं.

“पाहते नको म्हणू. बाबा रोज तुलेच विचारून राहिले. सकाळच्या चहाला, गोदू येईन का? दुपारी झोपून उठले की, गोदू आली का? त्यांच्या डोक्यातलं पुष्कळ पुसलं गेलं ताई. कधी कधी मलेबी ओळखत नाहीत. पण तुझं ते जात नाही. म्हणतात, मी त्या पोट्टीचं वाटोळं केलं, तिची माफी मागितल्याशिवाय मी जाणार नाही.” नाक ओढल्याचा आवाज आला. “तू एवढंच म्हण, माफ केलं. मनातून नसन तर झूठ ही सही. पण त्यांना सुखानं जाऊ दे.”

मी “बरं” म्हटलं आणि फोन ठेवला. भेंडी चिरायची राहिली ती राहिलीच.

माफ मी करायचं होतं म्हणे! चव्वेचाळीस वर्षं ज्या माणसानं माझ्यासाठी तोंडात मिठाची गुळणी धरली, त्याला मी माफ करायचं! आणि आता म्हातारपणानं त्यांच्या डोक्यातून नेमकं तेवढंच पुसलं होतं की ते निर्दोष आहेत. गल्ली जे म्हणत आली, तेच त्यांना खरं वाटू लागलं होतं. खरं काय ते जगात दोघांनाच माहीत होतं. त्यातला एक विसरला, म्हणजे उरले मी एकटी.

यशवंतकाका सकाळी कोर्टासमोर बसून अर्ज टाइप करत आणि दुपारनंतर घराच्या पुढच्या खोलीत टायपिंगचा क्लास घेत. दारावर पाटी होती, ‘देशकर कमर्शियल इन्स्टिट्यूट’. आत सहा मशिनी, चार इंग्रजी आणि दोन हिंदी. सगळ्या एकदम सुरू झाल्या की समोर आमच्या ओट्यावर बसलेल्या आईला चण्याची डाळ निवडताना खडा ऐकू येत नाही, अशी तिची तक्रार असे. खडा ऐकायचा कसा असतो, ते आईलाच ठाऊक.

बाकीच्या क्लासांत वर्षभर तीच ती अक्षरं बडवून घेत. काका महिनाभरच ती घेत, मग स्वतःची वाक्यं देत. सगळी वाक्यं माणसांची. ‘ही इज क्वाइट अ क्लेव्हर बॉय.’ ‘शी इज रादर अ शाय गर्ल.’ ‘व्हॉट अ लाँग डे.’ क्लासमधली अर्धी पोरं टायपिस्ट झाली नाहीत, पण आज साठी-सत्तरीतही ती ‘हा रादर हुशार आहे’ असं म्हणतात. ते खूळ काकांनी दिलेलं.

काका समजावून सांगत ते अजून माझ्या कानात आहे. नाकावर घसरलेला चष्मा, कानावर पेन्सिल. “आपण म्हणतो, चांगला माणूस. झालं! किती चांगला, ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं. इंग्रज असं सोडत नाही. तो आधी माप सांगते, मग माणूस दाखवते. अन् ते माप ठेवते कुठे पाहा. व्हेरी अन् फेअरली घरात येऊन बसतात, त्या ‘अ’च्या दारामागं. पण क्वाइट, रादर, सच, हे त्याच्याही आधी. दाराबाहेर उभे. म्हणजे माणूस अजून दिसलाबी नाही, अन् आपल्याले कळलं का बाबा, केवढा माणूस येऊन राहिला.”

“आणि सगळ्यात मोठं माप कोणतं?” मी एकदा विचारलं होतं.

“सच अ. पण ते माप नाहीच. तराजू मोडला का मग म्हणायचं, सच अ गुड मॅन. मी अजून कोणाले दिलं नाही.”

खरंच दिलं नव्हतं. काका कौतुकाच्या बाबतीत मारवाड्याच्या वरताण होते. आणि गंमत अशी की रायपूरच्या मराठी लोकांच्या लेकी उजवायचं काम याच माणसाच्या हातात येऊन पडलं होतं.

त्याचं कारण आमची मराठी. कुणा एका बापानं सत्तरच्या आसपास नागपूरला स्थळासाठी पत्र लिहिलं होतं, ‘मुलगी दिसण्यात ठीकठाक असून खाना उत्तम बनवते आणि स्वभावाने बहुत सीधी आहे.’ नागपूरवाल्यांनी ते पत्र म्हणे चार लग्नांत वाचून दाखवलं आणि लोक हसून लोळले. तेव्हापासून इथल्या बापांनी धसकाच घेतला. मुलीचं माहितीपत्रक जाईल तर इंग्रजीत जाईल. हिंदीत भिजलेली मराठी झाकायला इंग्रजीएवढं चांगलं पांघरूण नाही. आणि इंग्रजी म्हणजे यशवंतकाका.

काका पैसे घेत नसत, पण खोटंही लिहीत नसत. आया येऊन पदर पसरत, “भाऊजी, जरासं वाढवून लिहा नं.” काका म्हणत, “वाढवून कसं लिहू? माप माप आहे.” गल्लीतल्या लताच्या आईनं ‘व्हेरी गुड सिंगर’ लिहा म्हणून धरणं धरलं, तर काकांनी सहाही मशिनी बंद करवल्या, लताला मधोमध उभं करून गाणं म्हणायला लावलं, आणि दोन कडव्यांनंतर लिहिलं, ‘फेअरली गुड’. लताची आई आठवडाभर काकांशी बोलली नाही. पण लताचं जमलं. नागपुरात हळूहळू नाव झालं होतं, देशकरांनी क्वाइट लिहिलं म्हणजे पोरगी क्वाइटच असते, रुपयाला सोळा आणे.

माझी पाळी आली ऐंशी साली. मी तेवीस वर्षांची होते. त्याच सुमारास टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून माझी निवड झाली आणि ट्रेनिंगसाठी जबलपूरला जायचं पत्र आलं, जानेवारीचं. बाबा, म्हणजे शंकर घाटे, रेल्वेत गुड्स क्लार्क होते. मवाळ माणूस, पण एकदा बोलले की बोलले. ते म्हणाले, “दिवाळीपर्यंत लग्न जमलं तर लग्न. नाही जमलं तर जबलपूर.” आणि सात ठिकाणी पाठवायला सात माहितीपत्रकं हवीत असं काकांना सांगून आले.

बाबा आणि काका जिवाभावाचे दोस्त. रोज साडेपाचला काका क्लास पोरांवर सोडून दारात उभे राहत, बाबा स्टेशनाहून येऊन सायकल ओट्याला टेकवत, आणि दोघं बूढ़ा तालाबाच्या काठानं फिरून येत. काय बोलत देव जाणे. परत येताना दोघांच्या हातात एकेक पुडा भाजलेल्या शेंगांचा असे, आणि टरफलं आमच्या ओट्यावर पडत. आई ओरडे.

लग्नच नको असं माझं नव्हतं. त्या वर्षी नको होतं. हेडफोन डोक्यावर चढवून “अभनपूर, लाइनवर आहे, बोला” असं म्हणणारी एक बाई मी पोस्टात पाहिली होती आणि मला तिच्या जागी बसायचं होतं. एवढंच. पण एवढंच बाबांना सांगायची छाती नव्हती. म्हणून मी भर दुपारी, क्लास रिकामा असताना, काकांकडे गेले. ते एका मशिनीला तेल देत होते.

“काका, माझ्या माहितीपत्रकात एक वाक्य घाला.”

“कोणतं?”

“मुलगी हट्टी आहे, असं.”

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. “खोटं लिहीत नाही मी.”

“खोटं कुठं आहे?”

त्यांनी तेलाचा डबा खाली ठेवला आणि विचार केला. “खोटं तर नाही,” ते म्हणाले. “किती?”

“सच अ स्टबर्न गर्ल.”

“हट्! सच कोणाले देत नाही मी. तुझा तराजू अजून मोडला नाही.”

“मग क्वाइट अ.”

“क्वाइट कौतुकात बरं दिसते. हे काय कौतुक आहे?”

“काका, सात घरांनी नाही म्हणायला हवं हो. लहान माप चालणार नाही.”

“तू का भाजीबाजारात आली? रादर. रादर अ स्टबर्न गर्ल. म्हणजे जरा जास्तच, अन् सांगणाऱ्याले सांगताना थोडं वाईट वाटते. यापुढं एक तोळा देणार नाही.”

मी कबूल केलं. त्यांनी सात प्रती काढल्या. शेवटची मशिनीतून ओढताना ते म्हणाले, “शंकरले कळलं तर?”

“मी सांगीन ना बाबांना. ट्रेनिंग होऊ द्या फक्त. जबलपूरहून आले की स्वतः सांगीन, काका. तोवर तुम्ही बोलू नका.”

“हव,” काका म्हणाले. एक छत्तीसगढी ‘हव’, आणि तो माणूस बांधला गेला.

बाबांनी वाचलंच नाही. यशवंतानं लिहिलं म्हणजे काय वाचायचं? त्यांनी सातही प्रतींवर मोठ्या अभिमानानं सही ठोकली आणि टपालात टाकल्या.

सातांपैकी पाच जणांनी उत्तर दिलं नाही, दोघांनी पत्रिका जुळत नाही असं कळवलं. दिवाळी संपता संपता नागपूरचे नीलकंठमामा आले ते खिशात त्यातलंच एक पत्रक घेऊन. फराळाची ताटं समोर असताना त्यांनी ते उलगडलं आणि शब्द न् शब्द मराठी करून वाचून दाखवलं. “‘मुलगी जरा जास्तच हट्टी आहे.’ शंकरराव, नागपूरभर हसून राहिले लोक. पोरीच्या माहितीपत्रकात हे लिहिलं कोणी?”

बाबा उठले. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, असेच समोर गेले. क्लासमध्ये पोरं होती, मशिनी चालू होत्या. बाबांचा आवाज चढलेला मी आयुष्यात एकदाच ऐकला. “यशवंता, तुले पोट्टी नाही का रे? तुले ज्योती नाही का?”

एकेक करून मशिनी थांबल्या.

काका म्हणाले, “शंकर, जे लिहिलं ते खरं लिहिलं.” आणि त्यांनी बाबांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभी होते. त्यांनी रागावून पाहिलं नाही, विनवूनही नाही. एखाद्याची बोलायची पाळी आली की आपण त्याच्याकडे पाहतो, तसं पाहिलं.

मी मशिनीकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून बाबा पलीकडच्या गल्लीनं घरी येऊ लागले. काका साडेपाचला दारात उभे राहत. आठ दिवस नाही, महिनाभर नाही. दोन-अडीच वर्षं तरी मी त्यांना तसं उभं पाहिलंय. माहितीपत्रकं लिहून घ्यायला पुन्हा कुणी त्यांच्याकडे गेलं नाही. पोरींच्या आया ज्योतीच्या आईला हळदीकुंकवाला टाळू लागल्या. मी जानेवारीत जबलपूरला गेले.

परत आल्यावर का नाही सांगितलं? मला लोकांनी विचारलं नाही, पण मी स्वतःला हजारदा विचारलंय. आधी भीती होती की बाबा नोकरी सोडायला लावतील. मग नोकरी पक्की झाली, तर भीती गेली आणि लाज आली. मग आणखी एक गोष्ट झाली, ती सांगायला मला आजही जड जातं. पुढच्याही वर्षी मला लग्न नकोसं वाटलं, त्याच्या पुढच्याही. आणि ‘का नाही केलं?’ या प्रश्नाला गल्लीकडे तयार उत्तर होतं. “बिचारी गोदू, देशकरांनी तिचं वाटोळं केलं.” त्या उत्तराखाली मी छत्रीखाली उभं राहावं तशी आरामात उभी राहिले. मला एकदाही भिजावं लागलं नाही. भिजले ते काका.

बाबा चौऱ्याण्णव साली गेले. दवाखान्यात शेवटच्या दिवशी म्हणाले, “यशवंतानं असं करायले नको होतं.” तेवढंच. मी तोंड उघडलं. आणि म्हणाले, “बाबा, पाणी देऊ?” त्यांना पाणी दिलं. माझ्यासारखी भेकड बाई शोधून सापडणार नाही.

रविवारी सकाळी दहाला मी तात्यापाऱ्यात उतरले. क्लासच्या खोलीत आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. पाटी गेली, पण पाटीचे दोन खिळे तसेच आहेत. मागच्या खोल्यांतून वडाभाताच्या फोडणीचा वास येत होता. पंचवीस-तीस माणसं जमली होती, सगळी जुनी, पांढरी, गुडघे धरून बसणारी. लतासुद्धा आली होती.

काका खुर्चीत बसले होते. टोपी, नवा सदरा, गुडघ्यांवर शाल. एवढेसे झाले होते. ज्योतीची मुलगी देवयानी ताटात पणत्या मांडत होती. ती पुण्याला की बंगलोरला कुठंतरी नोकरी करते. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत येतं. ज्योतीनं मला हाताला धरून पुढं नेलं आणि कानात म्हणाली, “बस एकदा म्हणून टाक, ताई.”

“बाबा, गोदूताई आली.”

काकांनी मान वर केली. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते उठू लागले. देवयानी धावली, पण ते उभे राहिलेच. आणि त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. ज्या हातांनी मला पहिली ओळ टाइप करायला शिकवली, ते.

“गोदू,” ते म्हणाले, “मले माफ कर पोट्टी. मी तुझं आयुष्य खराब केलं.”

ज्योती डोळ्यांनी मला खुणावत होती, म्हण, म्हण. अगदी सोपं होतं. दोन शब्द, आणि मग वडाभात.

मी त्यांचे हात खाली केले. “काका, तुम्ही काही खराब केलं नाही. ते वाक्य मीच लिहायला लावलं होतं. तुमच्याकडे येऊन, मागून. मला जबलपूरला जायचं होतं.” मग लोकांकडे वळून मोठ्यानं म्हटलं, “ऐकलं का सगळ्यांनी? मीच सांगितलं होतं. काकांचा काही दोष नव्हता.”

काय व्हावं? लताच्या डोळ्यांना पाणी आलं. “किती मोठं मन गं तुझं, गोदू,” ती म्हणाली. मागून कुणीतरी “खरंच” म्हटलं. ज्योतीनं माझा हात दाबला, झूठ छान जमलं म्हणून. चव्वेचाळीस वर्षं खोटी वागले तर कुणी हटकलं नाही, आणि एकदा खरं बोलले तर माझ्यावर मोठेपणा चिकटवून मोकळे झाले. माझं डोकं फिरलं.

आणि काका मान हलवत होते. “नाही, नाही. तू चांगली आहे म्हणून म्हणून राहिली. मले माहीत आहे मी काय केलं. शंकर ओरडला होता मले. सगळ्यांसमोर.” त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालांवर आलं. ते खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. देवयानी म्हणाली, “आबा, रोइए मत न, आज आपका दिन है.”

मी इकडं तिकडं पाहिलं. टेबलावर आहेरांची यादी करायला एक वही-पेन्सिल होती. ती घेतली, काकांसमोर जमिनीवर मांडी घातली आणि वही त्यांच्या गुडघ्यावर ठेवली.

“काका,” मी म्हटलं, “माझं माहितीपत्रक लिहायचं आहे. लिहा. शी इज सच अ स्टबर्न गर्ल.”

काका डोळे पुसत म्हणाले, “काय?”

“सच अ स्टबर्न गर्ल. लिहा.”

“हट्!” ते म्हणाले.

आवाज रडका होता, पण शब्द खणखणीत होता. ज्योतीनं चमकून पाहिलं.

“काहून हट्? खोटं आहे का?”

“खोटं नाही. पण सच कोणाले देत नाही मी.”

“मग क्वाइट अ.”

“क्वाइट कौतुकात...” ते अडकले. भुवया जवळ आल्या. त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली. “क्वाइट कौतुकात बरं दिसते. हे काय कौतुक आहे?”

“पण काका, सात घरांनी नाही म्हणायला हवं हो,” मी म्हटलं. “लहान माप चालणार नाही.”

काका माझ्याकडे टक लावून पाहत राहिले. बाहेर दुकानात कुणीतरी कव्हरचा भाव करत होतं.

“मी मशीनले तेल देऊन राहिलो होतो,” ते हळूच म्हणाले. “तू आली. दुपार होती. ते डावीकडचं, तीन नंबरचं मशीन, त्याचा ‘एस’ अडके.” मग एकदम, चढ्या आवाजात, “तू का भाजीबाजारात आली? रादर! रादर अ स्टबर्न गर्ल! यापुढं एक तोळा देणार नाही!”

ज्योतीनं तोंडावर हात घेतला. तेलाचं मी काही बोलले नव्हते, ते काकांना स्वतःहून आठवलं, म्हणजे मी खरं बोलत होते, हे तिला कळलं. ती काकांकडे पाहत होती, मग माझ्याकडे पाहू लागली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी पात्रच होते. तिच्या आईला हळदीकुंकवाला न बोलावणारी सगळी गल्ली त्यात होती.

काकांचा चेहरा मात्र उजळला होता. “म्हणजे मी नाही केलं,” ते म्हणाले. “तू मागितलं, मी दिलं. माप बरोबर दिलं.”

“अगदी बरोबर दिलं, काका.”

ते खुर्चीत मागं टेकले. बरं वाटलं मला. आता झालं, असं वाटलं. तर त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली, जुन्या सवयीनं, आणि विचारलं, “अन् शंकरले सांगितलं का तू? जबलपूरहून आली का सांगीन म्हटलं होतं.”

सगळी खोली माझ्याकडे पाहत होती. आता कुणीही मोठं मन म्हणत नव्हतं.

“नाही सांगितलं, काका.”

“काहून?”

“भेव वाटलं.”

“मग आता सांग.”

“बाबा गेले काका. तीस वर्षं झाली.”

“हव,” काका म्हणाले. “हव. गेला तो.” त्यांना खरंच आठवलं, का मी सांगितलं म्हणून त्यांनी मानलं, ते कळलं नाही. ते दाराकडे पाहत राहिले. त्या दारातून पुढच्या दुकानाची मागची भिंत दिसते, पण त्या भिंतीपलीकडे रस्ता आहे आणि रस्त्यापलीकडे आमचा ओटा होता. “मी उभा राहत होतो,” ते म्हणाले. “मले वाटे, पोट्टीनं सांगितलं का तो येईन.”

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि रडले. सदुसष्ट वर्षांची बाई, तीस माणसांत, हुंदके देऊन. बाबांच्या वेळेसही अशी रडले नव्हते. काकांचा हात माझ्या डोक्यावर आला, थोपटत राहिला.

“राहू दे,” ते म्हणाले. “तू नको सांगू. मी सांगतो. माझा नंबर तसाबी लवकर आहे.”

“आबा, ऐसा नहीं बोलते,” देवयानी म्हणाली.

“काय सांगाल?” मी डोकं वर न करता विचारलं.

“सांगीन, पोट्टीनं मागितलं होतं. सांगीन, जरा जास्तच हट्टी निघाली, माप बरोबर होतं.” कानावरची पेन्सिल काढून बोटांत फिरवू लागले. कुणाचं माप ठरवायचं असलं की ते असेच पेन्सिल फिरवत. मग वही पुढं ओढली आणि एकेक अक्षर सुटं, मोठं लिहू लागले. देवयानीनं वाकून वाचलं.

“ही वॉज सच अ गुड फ्रेंड.”

नव्वद पणत्या लागल्या तेव्हा ती वही त्यांच्या मांडीवरच होती. ज्योतीनं मला जेवायला थांब म्हटलं नाही, आणि मी वडाभात न खाता निघाले. तो ‘सच’ मी ऐंशी साली मागितला होता. मला दिला नव्हता, बाबांसाठी ठेवला होता.